टाकीतला जिवाणू, शेतातला जिवाणू

मधुमेहाचा रुग्ण असलेल्या घरात फ्रिजच्या दारात इन्सुलिनची कुपी असते. लाल टोपणाची सिरिंज, कापूस, ४० युनिटची खूण हे सगळे घरच्यांना पाठ असते. खोक्यावरचा बारीक मजकूर मात्र सहसा कुणी वाचत नाही. तो वाचला तर 'ह्यूमन इन्सुलिन' या शब्दांच्या आसपास 'आर-डीएनए ओरिजिन' असे छापलेले सापडते. म्हणजे हे औषध ना माणसाच्या शरीरातून काढलेले, ना जनावराच्या. माणसाच्या इन्सुलिनचे जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये बसवून ते त्याच्याकडून करवून घेतलेले आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आहे. त्यांतल्या ज्यांना इन्सुलिन टोचावे लागते, ते जवळपास सगळे या तंत्राचे ग्राहक आहेत.

'जीएम', म्हणजे जनुके बदललेले, म्हटले की महाराष्ट्रात चर्चा थेट कापसावर जाते. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली, आणि या दोन घटनांभोवती मोर्चे, परिसंवाद, अग्रलेख यांचा ढीग साचला. त्याच काळात जनुके बदललेले जिवाणू आपल्या औषधाच्या कपाटापर्यंत, चीजच्या डब्यापर्यंत, लहान मुलांच्या लसीपर्यंत आणि करोनाच्या चाचणीपर्यंत पोचले. त्यांच्यासाठी ना मोर्चा निघाला, ना त्यांचा सत्कार झाला. त्यांचा चार दशकांचा हिशोब मांडला तर एक गोष्ट ठळक दिसते. बंद टाकीत त्यांनी कमाल केली. टाकीबाहेर, शेतात किंवा समुद्रात सोडण्याच्या गप्पा बहुतांशी गप्पाच राहिल्या. असे का झाले हे नीट कळले, तर पुढे कुठे परवानगी द्यायची आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे ठरवणे सोपे जाईल.

कत्तलखान्यातले औषध

१९२१ मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिनचा अर्क काढला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. तोवर उपासमारीच्या पथ्यावर दिवस काढणारी मुले त्यानंतर जगू लागली. पण पुढची साठ वर्षे हे औषध कत्तलखान्यावर अवलंबून होते. ८ औंस, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम शुद्ध इन्सुलिन मिळवायला डुकरांचे सुमारे २ टन अवयव लागत. डुकराच्या इन्सुलिनमध्ये माणसापेक्षा एक अमिनो आम्ल वेगळे, गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन. बऱ्याच रुग्णांना ते चालून जाई. काहींना टोचल्या जागी गाठी येत, खड्डे पडत, अंगावर पित्त उठे. शिवाय मधुमेही वाढत होते आणि मांसाचा धंदा काही त्यांच्या सोयीने वाढणार नव्हता.

मार्ग सापडला तो वैद्यकाच्या बाहेर. नोव्हेंबर १९७२ मध्ये होनोलुलूला प्लाझ्मिडवर परिषद होती. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्या पेशीत असणारी डीएनएची छोटी वर्तुळे. स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन ही वर्तुळे जिवाणूत शिरवण्यात तरबेज होते. सॅन फ्रान्सिस्कोचे हर्बर्ट बॉयर यांच्याकडे डीएनए ठरावीक जागीच कापणारे विकर होते. रात्रीच्या खाण्याला दोघे एकत्र बसले आणि तिथेच सहकार्य ठरले. १९७३ मध्ये त्यांनी एका प्लाझ्मिडमध्ये दुसऱ्याचा तुकडा जोडून तो ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत चालवून दाखवला. पाठोपाठ आफ्रिकेतल्या बेडकाचे जनुकही त्याच जिवाणूत बसवले. प्राणी आणि जिवाणू यांच्यातली भिंत ओलांडता येते, हे सिद्ध झाले.

शास्त्रज्ञांनाच याची धास्ती वाटली. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमार येथे सुमारे दीडशे जण जमले आणि त्यांनी स्वतःवरच निर्बंध घालून घेतले. कोणता प्रयोग किती बंदिस्त खोलीत करायचा, प्रयोगशाळेबाहेर जगू न शकणारे दुबळे जिवाणू कसे वापरायचे, याची उतरंड ठरली. पुढच्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठ ज्या गावात आहे, त्या केंब्रिजचे महापौर आल्फ्रेड वेलुची यांनी नगरपरिषदेत नामवंत प्राध्यापकांना सर्वांदेखत जाब विचारला आणि प्रयोगांना काही महिन्यांची बंदी आली. नंतर विज्ञानाशी संबंध नसलेल्या सामान्य नागरिकांची समिती नेमली गेली. तिने महिनोन्महिने अभ्यास केला आणि अटी घालून परवानगी द्यावी असा अहवाल दिला. १९७७ मध्ये केंब्रिजने त्याबाबत स्वतःचा नगरकायदा केला.

इन्सुलिनच्या शर्यतीचा निकाल लावण्यात या नियमांचाही हात होता. हार्वर्डचे वॉल्टर गिल्बर्ट आणि त्यांचे सहकारी माणसाच्या पेशीतून काढलेले खरे जनुक वापरणार होते. त्यासाठी सर्वांत कडक बंदोबस्ताची प्रयोगशाळा हवी. ती शोधत १९७८ मध्ये ते इंग्लंडमधल्या पोर्टन डाउन या लष्करी केंद्रात गेले. तिथे अंगभर संरक्षक कपडे घालून काम केले, आणि शेवटी हाती लागले ते उंदराचे इन्सुलिन. नमुन्यात उंदराचे जनुक मिसळले होते. बॉयर आणि रॉबर्ट स्वॉन्सन यांनी १९७६ मध्ये काढलेल्या जेनेन्टेक या छोट्या कंपनीने वेगळी वाट धरली. इन्सुलिनच्या साखळ्यांतला क्रम फ्रेडरिक सँगर यांनी १९५० च्या दशकात उलगडलेला होता. त्यावरून लॉस एंजलिसजवळच्या सिटी ऑफ होप रुग्णालयात केइची इताकुरा आणि आर्थर रिग्ज यांच्या गटाने जनुक चक्क रसायनांपासून जुळवले. हे माणसातून काढलेले जनुक नसल्याने कडक नियम त्याला लागू होत नव्हते. २१ अमिनो आम्लांची एक साखळी एका जिवाणूकडून, ३० ची दुसरी साखळी दुसऱ्याकडून करवून घेतली आणि दोन्ही जोडल्या. सप्टेंबर १९७८ मध्ये यशाची घोषणा झाली. ऑक्टोबर १९८२ मध्ये एलाय लिली कंपनीच्या 'ह्युम्युलिन'ला अमेरिकेत परवानगी मिळाली. जनुकीय अभियांत्रिकीतून आलेले हे माणसासाठीचे पहिले औषध.

टाकीजवळ

प्रत्यक्ष उत्पादन बाहेरच्या माणसाला वाटते त्यापेक्षा पुष्कळ घरगुती शिस्तीचे असते. कामाची सुरुवात उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून होते. तिथे 'सेल बँक' असते, म्हणजे एकाच मूळ पेशीपासून वाढवलेल्या जिवाणूंच्या शेकडो गोठवलेल्या कुप्या. एक कुपी काढायची, चंबूतल्या द्रावणात वाढवायची, ते छोट्या टाकीत ओतायचे आणि तिथून मोठ्या फर्मेंटरमध्ये. विरजण लावताना आपण जे करतो त्याचीच ही मोठी आवृत्ती, आणि इथेही विरजण बिघडले तर पुढचे सगळे वाया जाते.

फर्मेंटर म्हणजे दुहेरी भिंतीची पोलादी टाकी. आत पंखे फिरत असतात, खालून निर्जंतुक हवा सोडलेली असते, तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवलेले असते. जिवाणू साखर खाऊन आम्ल सोडतात, म्हणून अमोनियाची धार आपोआप सुरू होते. फेस चढला तर फेस मारणारे द्रव्य. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. या वेगाने १० तासांत एकाचे १०७ कोटी होतात. पाळीवरचा माणूस ठरावीक वेळाने नमुना काढून द्रावण किती गढूळ झाले ते यंत्रात मोजतो. त्याला तिथली मंडळी 'ओडी घेणे' म्हणतात. जिवाणूंची गर्दी पुरेशी झाली की टाकीत एक रसायन सोडतात. ते पोचेपर्यंत बसवलेले जनुक गप्प असते. पोचले की जिवाणू स्वतःची वाढ आवरून परके प्रथिन बनवू लागतो. याला 'इंडक्शन' म्हणतात. नळी उघडली की जो उग्र वास येतो, तो ई. कोलाय बनवत असलेल्या इंडोलचा. नवखा माणूस त्याने हैराण होतो, जुन्यांच्या तो लक्षातही येत नाही. धास्ती असते ती फाजची, म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूची. तो शिरला की तासाभरात ओडी कोसळते, पेशी फुटतात, फेस उसळतो. बॅच गेली.

खरी डोकेदुखी त्यानंतरची. ई. कोलाय परके प्रथिन पुष्कळदा गुंतवळासारखे गोळा करून पोटात साठवतो. जिवाणू गाळून, प्रचंड दाबाखाली फोडून, ते गोळे युरियात विरघळवून, प्रथिनाला हळूहळू योग्य घडी घालावी लागते. मग एकामागून एक शुद्धीकरणाचे स्तंभ. जिवाणूंच्या भिंतीचे अंश औषधात राहिले तर रुग्णाला थंडी-ताप भरतो, म्हणून ते किती उरले याची चाचणी प्रत्येक बॅचला. बराच खर्च या टप्प्यांवरच होतो. टाकीतला उरलासुरला जिवंत माल वेगळ्या टाकीत उकळून मारल्याशिवाय सांडपाण्यात सोडायचा नसतो. हा शेवटचा नियम लक्षात ठेवावा. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

इथे वापरला जाणारा ई. कोलायही साधासुधा नाही. पुष्कळ ठिकाणी त्याचे मूळ के-१२ या वाणात आहे. १९२२ मध्ये स्टॅनफर्डमध्ये एका रुग्णाच्या विष्ठेतून तो वेगळा केला गेला. पिढ्यान्‌पिढ्या काचेच्या बशीत राहून तो इतका लाडावला आहे की माणसाच्या आतड्यात त्याला धड बस्तान बसवता येत नाही. टाकीतल्या यशात या दुबळेपणाचा वाटा मोठा आहे.

औषध, लस, चाचणी

इन्सुलिनपाठोपाठ आलेली गोष्ट वाढीच्या संप्रेरकाची. उंची खुंटलेल्या मुलांना हे संप्रेरक द्यावे लागे आणि ते मृत माणसांच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथींतून काढत. १९८५ मध्ये उघड झाले की या इंजेक्शनांतून क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा असाध्य आजार तरुणांना जडतो आहे. अमेरिकेत तो पुरवठा तातडीने थांबवला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिवाणूने बनवलेल्या संप्रेरकाला मान्यता मिळाली. जुन्या इंजेक्शनांमुळे जगभरात २०० हून अधिक जणांना हा आजार झाला. 'नैसर्गिक ते सुरक्षित' या समजुतीला याहून कडू उत्तर नसेल.

आज ही यादी लांब आहे. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या की डॉक्टर जे फिलग्रास्टिम लिहून देतात, ते ई. कोलाय बनवतो. दिवसातून एकदा घ्यायचे ग्लार्जिन इन्सुलिन मूळचे ई. कोलायचेच. हाडे ठिसूळ झालेल्यांसाठीचे टेरिपॅराटाइडही त्याचेच. सगळेच काम जिवाणू करत नाहीत, हेही सांगायला हवे. २००३ मध्ये वोक्हार्टने 'वोसुलिन' आणले, त्यानंतर बायोकॉनने 'इन्सुजेन'. हे दोन्ही यीस्टवर बनले. हेपटायटिस-बीची लसही यीस्टवरच बनते. प्रथिन साधे असेल तर जिवाणू स्वस्त पडतो. अवघड घडीचे असेल तर यीस्ट किंवा प्राण्यांच्या पेशी लागतात.

पुण्याचा यातला वाटा ठळक आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हापासून टाक्यांमध्ये सूक्ष्मजीव वाढवण्याचे कसब या भागात रुजले. सीरम इन्स्टिट्यूटची 'न्यूमोसिल' ही बाळांना न्यूमोकॉकस या जिवाणूपासून वाचवणारी लस डिसेंबर २०२० मध्ये भारतात आली. न्यूमोकॉकसच्या कवचातली शर्करा एकटी दिली तर बाळाचे शरीर तिची दखल घेत नाही. ती एखाद्या प्रथिनाला जोडावी लागते. हे वाहक प्रथिन म्हणजे घटसर्पाच्या विषाचे निरुपद्रवी रूप. त्यात एकच अमिनो आम्ल बदललेले आहे आणि तेवढ्याने विष निकामी झाले आहे. न्यूमोसिलसाठी ते जनुके बदललेल्या सुडोमोनास फ्लुओरेसेन्स जिवाणूकडून करवून घेतात. गरीब देशांना ही लस डोसामागे २ डॉलरना देण्याचे ठरले, त्यात या स्वस्त उत्पादनाचाही हात आहे.

आणि करोना. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या संचाला मान्यता मिळाली, त्यानंतर आरटी-पीसीआर हा शब्द गल्लोगल्ली झाला. या चाचणीत डीएनएच्या प्रती काढणारे टॅक नावाचे विकर मूळ यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यातल्या जिवाणूचे. त्या जिवाणूला उकळत्या पाण्याजवळच करमते, म्हणून त्याचे जनुक ई. कोलायमध्ये बसवून विकर काढतात. अहमदाबादच्या झायडसची 'झायकोव्ह-डी' ही डीएनए लस म्हणजे तर ई. कोलायमध्ये वाढवलेले शुद्ध प्लाझ्मिडच. फायझरच्या एमआरएनए लशीचा साचाही ई. कोलायमध्येच वाढवला गेला. नाकात काडी घालून घेतलेल्या कोट्यवधी लोकांनी नकळत या जिवाणूची सेवा घेतली.

स्वयंपाकघर आणि कापडगिरणी

चीज बनवताना दूध फाडायला रेनेट लागते. पारंपरिक रेनेट दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढतात, म्हणून शाकाहारी माणूस चीजकडे संशयाने पाहत आला. १९९० मध्ये फायझरच्या कायमोसिनला, म्हणजे रेनेटमधल्या दूध फाडणाऱ्या विकराला, अमेरिकेत परवानगी मिळाली. वासराचे जनुक बसवलेल्या ई. कोलायने ते बनवले होते. जनुकीय अभियांत्रिकीतून आलेले हे अन्नातले पहिले द्रव्य. आज हे काम मुख्यतः बुरशी आणि यीस्टकडे गेले आहे, पण दार उघडले ते जिवाणूने. जीवनसत्त्व बी-२ पूर्वी रासायनिक कारखान्यात बनत असे. ते आता बॅसिलस सटिलिससारखे सूक्ष्मजीव बनवतात. आईच्या दुधातल्या काही खास शर्करा बेबीफूडमध्ये घालता येतात, त्याही ई. कोलायच्याच. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या लाउडन येथे २००६ पासून मक्याच्या साखरेवर ई. कोलाय वाढवून एक रसायन काढतात आणि त्यापासून गालिच्यांचा धागा होतो.

जिवाणूला जमले म्हणजे बाजाराला जमले, असे मात्र नाही. १९८३ मध्ये अॅमजेनच्या शास्त्रज्ञांना ई. कोलायकडून नीळ मिळाली. जीन्सचा निळा रंग जिवाणू देणार, अशी स्वप्ने रंगली. पण १८९७ पासून कारखान्यात बनणाऱ्या रासायनिक निळीच्या भावाशी त्याची गाठ पडली, आणि भावात तो हरला. औषधाचा एक ग्रॅम हजारोंना विकला जातो, रंगाचा किलोही तेवढ्याला जात नाही. जिवाणूंचे राज्य औषधात पसरले आणि रसायनांत रेंगाळले, याचे कारण या हिशोबात आहे.

कुंपणाबाहेर

आता टाकीबाहेर. पश्चिम बंगालमधल्या सैंथियात जन्मलेले आनंदमोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करत. वेगवेगळे हायड्रोकार्बन पचवणारी प्लाझ्मिडे त्यांनी एकाच सुडोमोनास जिवाणूत एकत्र आणली आणि १९७२ मध्ये पेटंट मागितले. समुद्रात सांडलेले तेल हा जिवाणू खाईल, अशी कल्पना. सजीवावर पेटंट देता येत नाही, म्हणून ते नाकारले गेले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जून १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी चक्रवर्ती जिंकले. जगभरच्या जैवतंत्रज्ञान उद्योगाचा पाया या निकालाने पक्का झाला. त्या जिवाणूने मात्र कधी खऱ्या समुद्रातले तेल खाल्ले नाही. बशीत एकट्याने जगणे वेगळे. समुद्रात स्थानिक जिवाणूंशी स्पर्धा, लाटा, थंडी आणि नायट्रोजनची टंचाई यांना तोंड देणे वेगळे.

दुसरी गोष्ट स्ट्रॉबेरीची. सुडोमोनास सिरिंगे हा पानांवर राहणारा जिवाणू. त्याच्या अंगावरच्या एका प्रथिनाभोवती बर्फाचे स्फटिक लवकर जमतात आणि पीक गोठते. बर्कलीचे स्टीव्हन लिंडो यांनी ते जनुक काढून टाकले. असा जिवाणू आधीच फवारला तर पानावरची जागा तो अडवील आणि पीक वाचेल. निफाडमध्ये पारा उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या द्राक्ष बागायतदाराला याचे मोल वेगळे सांगायला नको. पण परवानगीला वर्षे लागली, खटले झाले. हा जिवाणू बाजारात आणू पाहणाऱ्या कंपनीने आधीच ओकलंडमधल्या गच्चीवर झाडांत तो टोचल्याचे उघड झाले आणि तिला दंड झाला. २४ एप्रिल १९८७ रोजी कॅलिफोर्नियातल्या ब्रेंटवुडला फवारणी झाली, त्याआधी रात्री कुणीतरी रोपे उपटून टाकली होती. फवारणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंच्या अंगावर अंतराळवीरासारखा पोशाख. थोड्या अंतरावर साध्या कपड्यांत पत्रकार. तो फोटो जगभर गेला आणि उत्पादन बाजारात कधीच आले नाही.

अपवाद आहेत आणि ते शिकवणारे आहेत. ऑस्ट्रेलियात बदाम, पीच, गुलाब यांच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या रोगाविरुद्ध अॅग्रोबॅक्टेरियमचा के-१०२६ हा वाण १९८० च्या दशकाच्या अखेरीस विक्रीला आला. निसर्गात आधीच असलेल्या उपकारक जिवाणूतून एक तुकडा फक्त काढून टाकला होता. तो तुकडा राहिला असता तर रोग मारण्याचे हत्यार रोगजंतूंच्याच हाती जाण्याची भीती होती. अलीकडे अमेरिकेत मक्याच्या मुळाशी नत्र पुरवणारे, जनुके दुरुस्त केलेले जिवाणू २०१९ पासून विकले जातात. त्यातही परक्या सजीवाचे जनुक नाही. मातीत टिकलेली उदाहरणे अशी थोडकी आणि सावध आहेत.

महाराष्ट्रातले एक काम या सीमारेषेवर उभे आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये किरणोत्साराने निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात एक जिवाणू जिवंत सापडला: डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. किरणोत्साराची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात; माणूस ५ ग्रेच्या आसपास मरतो, हा हजारो ग्रे पचवतो. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. एस. के. आपटे आणि सहकाऱ्यांनी त्याच्यात विषमज्वराच्या जिवाणूचे एक जनुक बसवले. त्यातून बनणारे विकर फॉस्फेट मोकळे करते, ते युरेनियमला धरते आणि साका जिवाणूच्या अंगावर बसतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार या जिवाणूने ६ तासांत द्रावणातले ९० टक्क्यांहून अधिक युरेनियम खाली बसवले, आणि ६,००० ग्रेचा मारा सोसल्यावरही हे काम तो करू शकला. अणुकचऱ्यासारख्या नरकात काम करणारा हा गडी नाल्यात सोडायची गरज नाही, बंद पात्रातही तो वापरता येईल. टाकीबाहेरच्या प्रश्नाला टाकीतले उत्तर, ही वाट मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

भीती कशाची, आणि किती

टाकीतले सगळे गोडच आहे असेही नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅन या पूरक द्रव्यामुळे १,५०० हून अधिक लोकांना स्नायूदुखीचा भयंकर विकार झाला, कित्येक दगावले. माल जपानच्या शोवा डेन्को कंपनीचा होता आणि बनवणारा जिवाणू जनुके बदललेला. पण त्याच सुमारास कंपनीने शुद्धीकरणातला कोळशाचा वापरही कमी केला होता. दोष जिवाणूचा की गाळणीचा, यावर वाद राहिला. धडा असा की जिवाणू कोणता याइतकेच माल कसा गाळला हे महत्त्वाचे. २०१४ मध्ये जर्मनीत पशुखाद्यातल्या बी-२ च्या मालात परवानगी नसलेला, जनुके बदललेला बॅसिलस जिवंत सापडला. त्याच्याजवळ प्रतिजैविकाला दाद न देणारी जनुकेही होती. जिवाणू निवडताना प्रयोगशाळेत अशी जनुके खुणेसाठी वापरतात. ती बाहेर पडली तर आधीच प्रतिजैविके निकामी होत चाललेल्या देशात भर पडेल. टाकीतला माल मारूनच सोडण्याचा नियम एवढ्यासाठी.

उलट टोकाचा वेडेपणाही झालेला आहे. जर्मनीत होक्स्ट या कंपनीने १९८० च्या दशकात फ्रँकफुर्टला जिवाणूंपासून इन्सुलिन बनवण्याचा कारखाना काढायचे ठरवले. विरोध आणि परवानग्यांच्या घोळात उत्पादन सुरू व्हायला १९९८ उजाडले. मधल्या काळात जर्मन रुग्ण याच तंत्राचे परदेशी इन्सुलिन टोचून घेतच होते.

पैशाचा हिशोबही डोळ्यांआड करता येत नाही. टोरांटोच्या संशोधकांनी इन्सुलिनचे पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला दिले होते. कोहेन आणि बॉयर यांच्या पेटंटने १९९७ पर्यंत सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर मिळवून दिले. जेनेन्टेकचा ३५ डॉलरचा शेअर ऑक्टोबर १९८० मध्ये विक्रीच्या पहिल्याच दिवशी ८८ डॉलरपर्यंत चढला. जिवाणूने औषध मुबलक केले, तरी अमेरिकेत इन्सुलिन इतके महागले की रुग्ण डोस वाचवू लागले; मार्च २०२३ मध्ये लिलीला काही इन्सुलिनांच्या किमती ७० टक्के उतरवण्याची घोषणा करावी लागली. जिवाणूला भाव ठरवता येत नाही. तो पेटंट, स्पर्धा आणि सरकारी नियंत्रण ठरवते.

मग आपण काय विचारायचे?

भारताने या विषयावर ५ डिसेंबर १९८९ रोजीच पर्यावरण संरक्षण कायद्याखाली नियम केले. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २००५ मध्ये औषधांसाठी एक सरळ भेद सुचवला: हाती येणाऱ्या मालात जिवंत सुधारित सजीव आहे की नाही, ते पाहून परवानगीची वाट ठरवा. हा भेद शहाणपणाचा आहे आणि चार दशकांचा अनुभव त्याच्या बाजूने आहे. टाकीत वाढून मेलेल्या जिवाणूच्या औषधाला 'जीएम' म्हणून झोडपणे अडाणीपणा आहे. शेतात जिवंत सोडायच्या जिवाणूला औषधाच्या यशाचा दाखला देऊन घाईने परवानगी मागणे ही लबाडी आहे. दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारले पाहिजेत. टाकीवाल्याला विचारायचे: माल कसा गाळता, सांडपाणी मारून सोडता का, भाव किती ठेवता? शेतवाल्याला विचारायचे: तो टिकतो किती दिवस, जनुक दुसऱ्याला देतो का, नको झाला तर परत कसा बोलावणार?

हे प्रश्न विचारायला तज्ज्ञ असावे लागत नाही. केंब्रिजच्या नागरिकांनी १९७६ मध्ये तेच केले. आपल्या १९८९ च्या नियमांतही जिल्हा पातळीवरच्या समितीची तरतूद आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. जिल्ह्यात जिथे असे सजीव हाताळले जातात, तिथल्या सुरक्षेवर लक्ष ठेवणे आणि अपघात झाल्यास काय करायचे याची तयारी ठेवणे हे तिचे काम. ज्या जिल्ह्यांत औषधांच्या वसाहती आहेत, तिथल्या वाचकांनी माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज टाकावा: ही समिती आमच्या जिल्ह्यात नेमली आहे का, आणि तिची शेवटची बैठक कधी झाली?